नावाचं टेबल, सुईचं टेबल

बुलढाणा
रविवार, २८ नोव्हेंबर २०२१

पूनम,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहायचे राहून गेले असं समजू नकोस. मुद्दामच लिहिले नाहीत. सख्ख्या मोठ्या बहिणीचा नंबर ब्लॉक करणाऱ्या बाईला आशीर्वादांची गरज नसावी. मागच्या महिन्यात गोपालच्या फोनवरून लावला, तर माझं "हॅलो" ऐकलं आणि ठेवलास. गोपाल म्हणजे आमच्या मसाला कंपनीच्या गेटवरचा. तो बिचारा मला म्हणतो, "रेंज नसीन ताई तिकडं." मी म्हटलं, "हाव, रेंजच नसीन." म्हणून हे पत्र. पत्र ब्लॉक करता येत नाही, फार तर फाडता येतं. पण तू वाचल्याशिवाय फाडणार नाहीस. लहानपणी तू किराण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा वाचून मग टाकायचीस.

कामाचं लिहिते. शुक्रवारी कंपनीच्या गेटवर नोटीस लागली. दहा डिसेंबरपासून लसीच्या दोन्ही डोसचं सर्टिफिकेट असेल त्यालाच सरळ आत घेणार. ज्याच्याजवळ नसेल त्याची दर पंधरा दिवसांनी नाकात काडी घालून तपासणी, आणि तीही सायकल स्टँडपाशी, सगळ्यांच्या देखत. पॉझिटिव्ह निघाला की तिथूनच घरी, आणि घरच्या सगळ्यांची नावं लिहून घेणार. उत्तमराव सुपरवायझरनी नोटीस मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "रुख्मिणीबाईले काय टेन्शन हाय? तिनं त एप्रिलातच पहिला घेतला." मी हसले. मास्कच्या आतलं हसू खरं की खोटं ते कोणाला दिसत नाही, एवढा एक मास्कचा फायदा.

खरं काय ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तिसरं माणूस आता नाही.

तरी लिहिते, म्हणजे आपल्या दोघींचं सांगणं एकसारखं राहील. आठ एप्रिलला आपल्या वॉर्डातल्या शाळेत कॅम्प होता. पहिलीच्या वर्गात नावाचं टेबल, तिसरीच्या वर्गात सुईचं टेबल, आणि सुईच्या टेबलावर तुझी ड्यूटी. माझं नाव माझ्या आधारवर लागलं, मेसेज माझ्या फोनवर आला, आणि खुर्चीत जाऊन बसली आई. मी घाबरले होते म्हणून आईच म्हणाली, तू राहू दे, मी बसते. तिच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नव्हते, त्यामुळे तिचा नंबर लागतच नव्हता. तूही म्हणालीस, ताईला उद्या देऊ, नावाचं मग पाहू. दुसऱ्या दिवशी लस संपली. अकराव्या दिवशी आई गेली. मग नावाचं पाहणार कोण?

तेव्हा सर्टिफिकेट माझं आहे आणि लस आईच्या दंडात गेली. कोणी चौकशीला आलंच तर तू गप्प राहा. तुझी नोकरी सरकारी आहे, मी तुझ्यासाठीच सांगते आहे. बरं, माझ्यासाठीही.

माझी भाकर माझ्या नाकावर आहे हे तू जाणतेस. पोतं उघडलं की मास्क खाली ओढायचा, मूठभर धणे तळहातावर चोळायचे, वास घ्यायचा आणि 'चालते' नाहीतर 'कुबट' म्हणायचं. मालकाच्या मुलानं त्यासाठी मशीन आणलं होतं, ते कोपऱ्यात धूळ खातं आहे. वीस वर्षांत मी एकदाच चुकले. एप्रिलात कुबट धणे पास केले आणि दळलेला माल अकोल्याहून परत आला. तेव्हा आईचं चाललं होतं म्हणून सगळ्यांनी समजून घेतलं. उत्तमराव मात्र अजून चिडवतात.

आणखी एक. वैष्णवीला जानेवारीअखेरची तारीख दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं. आई नाही, तुझे भाऊजी जाऊन सहा वर्षं झाली, घरात मी एकटी. तू यावंस असं मी म्हणत नाही. भाचीचं आहे म्हणून कळवलं.

रुख्मिणी


रविवार, १२ डिसेंबर २०२१

पूनम,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की कामं टाकून दारात उभी राहत होते. एसटीचा संप आहे, टपाल अडकलं असेल, असं माझं मीच मला सांगितलं.

माझा दुसरा डोस झाला. म्हणजे सर्टिफिकेटात झाला.

हसू नकोस. मंगळवारी शाळेत पुन्हा कॅम्प होता. आंघोळ करून, सैल बाह्यांचं पोलकं घालून गेले होते. ठरवलंच होतं की घेऊन टाकायचा, एकदाची कटकट मिटवायची. वर्ग तेच, टेबलंही तिथंच. नावाच्या टेबलावर एक गुरुजी होते, गर्दीनं वैतागलेले. नाव विचारतानाच ते 'झालं' म्हणून टिक करून टाकत होते आणि "जा, तिकडं बसा" म्हणत होते. मी तिसरीच्या वर्गाच्या दारापर्यंत गेले. खुर्ची तीच, हिरवी, एका हाताला दोरी गुंडाळलेली. त्यात एक म्हातारी बाई दंड उघडा करून, तोंड भिंतीकडे फिरवून बसली होती. आई अशीच बसली होती. मी मागे फिरले. पोरांचे हातपाय धुवायचे नळ आहेत ना, त्यांच्या बाजूनं मागच्या फाटकातून बाहेर पडले. घरी पोचायच्या आत फोन वाजला. तुमचं लसीकरण पूर्ण झालं, अभिनंदन.

कंपनीत सगळ्यांनी सर्टिफिकेटाचं लॅमिनेशन करून गळ्यात अडकवलं आहे. माझ्याही गळ्यात आहे. पोत्यावर वाकले की ते धण्यात बुडतं. मी पाठीवर टाकते, ते परत पुढे येतं. गोपाल परवापासून सकाळी गेटवर एकेकाचं हातात धरून बघतो. तो नाव वाचायला जितका वेळ लावतो तितका वेळ माझ्या छातीत धडधडतं. तो फक्त सावकाश वाचतो, दुसरं काही नाही. तरीही धडधडतं.

माझ्या शेजारी मनकर्णाबाई बसतात, मिरचीचे देठ खुडायला. साठीच्या आहेत. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "मी नाही घेत. मले भेव लागते." बस्स. उत्तमराव ओरडले, मालकाचा मुलगा समजावून गेला, या आपल्या देठ खुडत राहिल्या. परवा पहिल्या तपासणीला सायकल स्टँडच्या रांगेत उभ्या राहिल्या, नाकात काडी घालून घेतली, डोळे पुसत परत आल्या. मला म्हणतात, "तू बरी सुटली वं रुख्मिणी." मला त्यांचा हेवा वाटतो. भीती वाटते असं तोंडानं म्हणून मोकळं होता येतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

तू म्हणशील, एवढी घाबरतेस कशाला? त्याला कारण तूच आहेस. आई गेली त्या दिवशी दारातल्या सात-आठ माणसांसमोर मी म्हटलं होतं, "तुह्याच सुईनं माय गेली." तेच आजही म्हणते. घरात कोणाला काही झालेलं नव्हतं. आईला दवाखान्यात नेल्यावर माझी तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. मग आईला कुठून आलं? सुई घेतली आणि त्याच संध्याकाळी ताप चढला. माणसानं दुसरं काय समजायचं? तू त्या दिवशी एक शब्द बोलली नाहीस. बॅग उचललीस, गेलीस, आणि साखरखेर्ड्याकडच्या उपकेंद्रावर बदली मागून घेतलीस. खरं नसतं तर भांडली असतीस. तू काही गप्प बसणारी नव्हेस.

रुख्मिणी


बुधवार, ५ जानेवारी २०२२

पूनम,

वैष्णवी आली. जावई, म्हणजे राजकुमार, तिला काळीपिवळी जीपनं घेऊन आले आणि चहा घेऊन परत गेले. पोट खाली आलंय, पाय थोडे सुजलेत, बाकी बरी आहे. दिवसभर बसून मला कामं सांगते आणि मी करते. आल्या आल्या विचारलं, "मौशी कधी येऊन राह्यली?" मी म्हटलं, "ड्यूटी हाय तिची." तर म्हणते, "ड्यूटी त माह्या लग्नातही होती तिची. दोन दिवस झोपली नाई, तरी आली. आता काऊन येत नाई?" मी भाजी बघायला उठले.

मग तिनं आणखी एक सांगितलं. तिच्या सासूबाईंनी तिला लस घेऊ दिली नाही, बाळंतपणानंतर बघू म्हणाल्या. आणि माहेरी पाठवण्याआधी माझ्या सर्टिफिकेटाचा फोटो मागून घेतला. "तुह्ये दोन्ही झाले, म्हणून तर पाठवलं त्यायनं," वैष्णवी म्हणाली. "नाईतर तिथंच कर म्हणत होत्या." डिसेंबरात तिनं फोटो मागितला होता. मला वाटलं, सहज मागतेय. मी लॅमिनेशन उन्हात धरून, चकाकी येऊ न देता, चांगला स्पष्ट फोटो काढून पाठवला होता.

म्हणजे माझ्या पोरीला या घरात मी त्या कागदावर आणलं.

आता दुसरं ऐक. रोग परत वाढला म्हणून कंपनीनं तपासणी दर सोमवारी केली. परवा मनकर्णाबाई पॉझिटिव्ह निघाल्या. शनिवारी दिवसभर त्या माझ्या शेजारी खोकत होत्या. मिरचीनं सगळेच खोकतात, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. आणि मी दर पोत्याला मास्क खाली ओढत होते. माझं कामच ते आहे. त्यांना सायकल स्टँडवरूनच घरी पाठवलं. मी उत्तमरावांना विचारलं, "आमची तपासनी?" ते म्हणाले, "दोन डोसवाल्यायले गरज नाही. कंपनीचा नियमच हाय तसा."

घरी आले. बाहेरच नळावर आंघोळ केली, थंडीनं दात वाजले. वैष्णवी हसली, "आई, एवढं काय? तुले त काई होत नाई आता."

तू आलीस तर बरं होईल. मागच्या पत्रातलं मनावर घेऊ नकोस. म्हणजे घे, पण ये.

ताई


रविवार, ९ जानेवारी २०२२

पूनम,

माझा वास गेला.

सकाळी गॅसवर दूध ठेवून मी शेजारीच लसूण सोलत होते. वैष्णवी बाहेरून ओरडत आली, "आई, दूध जळून राह्यलं न! वास नाई आला का तुले?" पातेलं काळं झालं होतं. घरभर धूर. मी लसणाची पाकळी ठेचून नाकाशी धरली. काही नाही. हिंगाची डबी उघडली. काही नाही. वैष्णवी खिडक्या उघडत होती आणि म्हणत होती, "म्हातारी झाली तू." मी म्हटलं, "हाव, झाली." आणि पदर तोंडावर बांधून अंगणात येऊन बसले. अजून इथंच आहे. घरात जायची हिंमत होत नाही.

पूनम, मला हे ओळखीचं आहे. माझा वास याआधी एकदा गेला होता.

आता लिहिते. नाही लिहिलं तर पुन्हा कधी लिहिणार नाही.

एप्रिलात, चार तारखेला, रविवारच होता तो. पिठल्यात लसूण घातला की नाही हे मला कळेना. अंग थोडं दुखत होतं, कणकण होती. सोमवारी कंपनीत गेले तर धण्याचा वास नाही. सगळं जग कोणीतरी धुऊन ठेवल्यासारखं. तेव्हा टीव्हीवर दिवसरात्र तेच सांगत होते, त्यामुळे मला पहिल्या मिनिटाला कळलं. पण 'मला वास येत नाही' हे मी कोणाला सांगू? माझं कंपनीत दुसरं काम काय आहे? मी रंग बघून, दाणा दाबून, दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून 'चालते' म्हणत राहिले. आठ दिवस. तोच माल अकोल्याहून परत आला. आईच्या आजारपणामुळे नाही चुकले मी. ती आजारी पडायच्या आधीच चुकले होते.

आणि तेव्हाच कंपनीनं पहिल्यांदा फर्मान काढलं होतं की लस घ्या नाहीतर तपासणी करा. तपासणी केली असती तर लगेच सापडले असते. मग मला लस हवी होती, म्हणजे कागद हवा होता. आणि कंपनीतल्या बायका म्हणत होत्या की अंगात रोग असताना सुई घेतली तर माणूस वाचत नाही. खरं की खोटं मला माहीत नव्हतं. तुला विचारता आलं असतं, पण विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं.

आई म्हणाली नव्हती, मी बसते. मी बसवलं तिला. पहिलीच्या वर्गातून नाव लावून बाहेर आले, ती मला सोबत म्हणून आलेली, व्हरांड्यात बसली होती. तिला म्हटलं, "माय, माह्याऐवजी तू बस. नाईतरी तुह्या बोटायचे ठसे येत नाई, तुह्या नंबर लागत नाई." ती लगेच उठली. केवढी खूश झाली होती. "पूनमच्या हातची घेतो," म्हणाली. चार दिवसांपासून मी तिच्याच बाजूला झोपत होते. तिच्याच ताटात जेवत होते.

घरात कोणाला काही नव्हतं, असं मी दारात ओरडून सांगितलं ना? मला होतं. माझी तपासणी झाली तोवर माझं येऊन गेलेलं होतं.

उद्या सोमवार. सायकल स्टँडला तपासणी आहे, पण माझं नाव त्या यादीत नाही. मी गळ्यात ते अडकवून सरळ आत जाऊ शकते आणि घरी वैष्णवीपासून लांब राहू शकते. तेव्हाही मी असंच म्हटलं होतं, लांब राहीन. दोन खोल्यांत किती लांब राहता येतं?

काय करीन ते मला माहीत नाही. फार भीती वाटते आहे.


मंगळवार, ११ जानेवारी २०२२

पूनम,

रविवारचं पत्र टाकलंच नाही. ते या पत्रासोबत आहे. आधी ते वाच.

काल मी सायकल स्टँडच्या रांगेत जाऊन उभी राहिले. गोपाल म्हणाला, "ताई, तुमचं नाव नाही यादीत." मी म्हटलं, "टाक." त्यानं माझ्या गळ्यातल्या कागदाकडे बघितलं, मग उत्तमरावांना हाक मारली. ते आले. "रुख्मिणीबाई, दोन डोस झाल्यावर कायले नाकात काडी घालून घेता?"

मी म्हटलं, "माह्या दंडात एक बी नाही."

उत्तमरावांना आधी वाटलं मी गंमत करतेय. मग त्यांनी विचारलं, मग हे काय? मी सांगितलं की पहिला आईनं घेतला माझ्या नावावर आणि दुसरा कोणीच घेतला नाही, मी नाव लावून पळून आले. सुई देणारी सिस्टर कोण होती? म्हटलं, आठवत नाही, तोंड बांधलेलं होतं. तुझं नाव माझ्या तोंडून निघालं नाही, निघणारही नाही. मग मी नाक वर केलं. पंधरा मिनिटांनी त्या पट्टीवर दोन रेघा आल्या. कागद गळ्यातून काढून गोपालच्या टेबलावर ठेवला. उत्तमराव म्हणाले, "बऱ्या होऊन या, मग पाहू." त्या 'मग पाहू'चा अर्थ कळायला मला नाकाची गरज नाही.

मनकर्णाबाई दवाखान्यात आहेत, ऑक्सिजनवर. गोपालनं सांगितलं. त्या शनिवारी आमच्या दोघींपैकी कोणी कोणाला दिलं, देव जाणे.

मी आता आतल्या खोलीत आहे, दार लावून. वैष्णवी बाहेर. ताट दारात ठेवते आणि लांब जाते. रात्रीपासून ताप आहे, छाती भरल्यासारखी वाटते. पण माझं राहू दे. सकाळी दारापलीकडून ती म्हणाली, "आई, माह्याही घसा खवखवून राह्यला." मग म्हणाली, "काई नाई, दुधाच्या धुरानं असन." तेवढं ऐकल्यापासून मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालते आहे. आईनंही ताप आल्यावर पहिल्यांदा 'काई नाई'च म्हटलं होतं.

ती म्हणाली, मी मौशीला फोन करते. मी नको म्हटलं. तिचा आवाज ऐकून तू धावत येशील, मला माहीत आहे. पण खरं न कळता येशील. वैष्णवीच्या नावावर तुला फसवून आणायचं नाही मला. कोणाच्या नावावर काही करायचं नाही आता. म्हणून गोपालच्या हातानं पाठवते आहे. त्याची सासुरवाडी तुझ्याकडची, उद्या पहाटेच निघतो म्हणाला. पत्राला त्यानं सॅनिटायझर मारलंय, अक्षर फिसकटलं तर मी काय करू.

अजून एक राहिलं. मी लस का घेत नव्हते ते. सुईला घाबरते हे खोटं नाही, पण ते सगळं नाही. समजा, मी त्या हिरव्या खुर्चीत बसले असते, सुई घेतली असती, आणि मला काहीच झालं नसतं. दोन दिवस हात दुखून मी उठून कामाला गेले असते. मग आईला कोणी मारलं? तुझ्या सुईनं नाही, एवढं मला कळून चुकलं असतं. ते कळू नये म्हणून मी नऊ महिने दंड झाकून बसले आणि तुला दोषी ठरवून ठेवलं.

तू माझ्याकडे बघू नकोस. माझ्या खोलीचं दार वाजवू नकोस. वैष्णवीकडे बघ. तिला माझ्याऐवजी कोणीतरी लागणार आहे आणि माझ्याजवळ तुझ्याशिवाय माणूस नाही.

ताई


बुधवार, १२ जानेवारी
दुपारी, तुझ्याच घरातून

ताई,

दार उघडू नकोस. मी बाहेरच्या खोलीत आहे. गोपाल सकाळी उपकेंद्रावर आला. तिथंच उभ्यानं दोन्ही पत्रं वाचली आणि त्याच्याच गाडीवर मागे बसून आले. तुझी आधीची तिन्ही पत्रंही मिळाली होती. फाडली नाहीत.

वैष्णवीला तपासलं. ताप नाही. बाळाचे ठोके चांगले आहेत. नाकातली तपासणी केली, आज तरी निगेटिव्ह आहे. परवा पुन्हा करीन. त्यावर फार खूश होऊ नकोस, पण फेऱ्या घालणं बंद कर, मला इथं ऐकू येतंय.

हे दारातून बोलले असते, पण तोंडानं बोलवणार नाही. आणि वैष्णवी ऐकते आहे.

मी तुझ्यावर रागावून फोन बंद केला नव्हता. तू दारात जे ओरडलीस ते मला खरं वाटलं होतं. लसीनं आई गेली असं नव्हे. लसीनं तसं होत नाही, हे मी रोज चाळीस माणसांना सांगते. पण त्या दिवशी आईचा दंड धरला तेव्हा तो गरम होता. मी विचारलं, "माय, ताप हाय का तुले?" ती म्हणाली, "नाई वं, उन्हातून आली." व्हरांड्यात दोनशे माणसं उभी होती. अंगात ताप असेल तर सुई द्यायची नसते, आधी तपासणीला पाठवायचं असतं. तपासणी त्याच शाळेत, दोन वर्ग सोडून चालू होती. मी तिला पाठवलं नाही. पाठवलं असतं तर पाच दिवस आधी कळलं असतं, आणि पाच दिवस आधी दवाखान्यात खाटा मिळत होत्या. तू सुईचं नाव घेतलंस तेव्हा मला वाटलं, तुला दंडाचं कळलं आहे. म्हणून भांडले नाही. बॅग उचलली आणि गेले.

तुझी पत्रं आली की मी आधी शेवट वाचायची. त्यात दंडाचं लिहिलंय का बघायला.

बाकीचं तू बरी झाल्यावर बोलू. तीन महिने तुला लस देता येणार नाही, नियम आहे. त्यानंतर मी देईन. नावाच्या टेबलावरून सुईच्या टेबलापर्यंत हाताला धरून नेईन.

खिडकीच्या गजातून बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन आत ठेवलं आहे. चिमट्यासारखं उघडतं. पालथी झोप, दहा मिनिटांनी बोटाला लाव आणि आकडा मोठ्यानं सांग, मी दाराशीच बसले आहे. चौऱ्याण्णवच्या खाली असेल तर तसं सांग, चांगला करून सांगू नकोस. बोट थरथरत असेल तर आकडा येत नाही. थोडं थांब, आणि मग लाव.

पूनम